सुखाचे दिवस परत आले, असं नाण्यावर लिहिलंय

माझ्याकडे एक नाणं आहे. अंगठ्याच्या नखापेक्षा किंचित मोठं, काळपट हिरवं, एका बाजूने कड पार पातळ झालेली. दादाने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला वाटलं कोटाचं बटण तुटून पडलंय, आणि त्याने ते उचलून सरळ माझ्या शिवणाच्या डब्यात टाकून दिलं, दोन दिवस घरभर शोधत होते मी. ते रोमन आहे, कॉन्स्टन्टियस दुसरा नावाच्या सम्राटाचं, म्हणजे इ.स. ३५० च्या दशकातलं. तांब्याची ही असली नाणी तेव्हा इतकी पाडली गेली की आजही ढिगाने सापडतात, त्यामुळे फार काही मौल्यवान वगैरे समजू नका.

पण मागची बाजू बघा. शिरस्त्राण घातलेला एक सैनिक, एका हातात ढाल, दुसऱ्या हातात भाला, त्याच्या पायाशी एक घोडा पुढच्या गुडघ्यांवर कोसळलाय आणि घोड्यावरचा स्वार मागे वळून हात वर करतोय, बहुतेक थांब थांब म्हणत असावा, आणि सैनिक काही थांबत नाहीये, भाला सरळ त्याच्यात खुपसतोय. आणि या सगळ्याभोवती गोल अक्षरं आहेत, फेल टेम्प रेपारातिओ. हे लॅटिनमधलं तोडून लिहिलेलं वाक्य, अर्थ साधारण असा की सुखाचे दिवस परत आले.

ओळखीचं वाटतंय? गप्प बसा, पुढे वाचा.

मी हे कळल्यावर खूप वेळ हसत बसले होते. एक माणूस दुसऱ्याला भोसकतोय आणि वर लिहिलंय सुखाचे दिवस. मग नेहमीप्रमाणे रात्री उशिरापर्यंत वाचत बसले आणि हसू जरा कमी झालं. ही घोषणा ३४८ च्या सुमाराला नाण्यांवर आली. तेव्हा पूर्वेला पर्शियाशी झगडा चालूच होता, निसिबिस नावाच्या सरहद्दीवरच्या शहराला पर्शियन फौजांनी ३३८, ३४६ आणि ३५० असा तीनदा वेढा घातला, म्हणून त्या बिचाऱ्या स्वाराच्या डोक्यावर बऱ्याच नाण्यांत पर्शियन वळणाची टोपी दिसते. पण त्या वर्षांतली सगळ्यात मोठी कत्तल झाली ती ३५१ मध्ये मुर्सा गावाजवळच्या लढाईत, आणि तिथे दोन्ही बाजूंनी मरणारे रोमचेच, एकीकडे कॉन्स्टन्टियस आणि दुसरीकडे मॅग्नेन्टियस नावाचा बंडखोर. आणि खुद्द नाण्याचं काय झालं? सुरुवातीला हे पाच ग्रॅमच्या आसपास भरायचं, दहा वर्षांच्या आत अर्ध्यावर आलं. सैनिक तोच, घोडा तोच, घोषणा तीच, फक्त सुखाचे दिवस बारीक बारीक होत गेले.

तर माझं एक मत बनलंय, बरीच नाणी बघून बनलंय (बहुतेक फोटोतच, झूम करकरून), की रोमन नाण्याची मागची बाजू ही बातमी म्हणून वाचायचीच नाही. ती गरज म्हणून वाचायची. ज्याची त्या घटकेला सगळ्यात जास्त टंचाई असते ना, ते नाण्यावर येतं. अपवाद आहेत, त्यांच्याकडे येते.

आधी एक कबुली. हे बटणवालं नाणं माझं पहिलं नाही, दुसरं. पहिलं मी ऑनलाइन घेतलं होतं, ज्युलियस सीझरचं हत्तीवालं देनारियस (म्हणजे रोमनांचं नेहमीचं चांदीचं नाणं), इ.स.पू. ४९ मधलं, सीझर रोमवर चालून गेला त्या धामधुमीतलं. हत्ती काहीतरी चिरडतोय, ते साप आहे की गॉल लोकांचं लढाईतलं शिंग यावर जाणकार अजून भांडतात, आणि खाली नुसतं सीझर असं नाव, ना पदवी ना काही, इतका मस्त कॉन्फिडन्स. मी पार प्रेमात पडून घेतलं. घरी आल्यावर भिंगाखाली धरलं तर कडेने सगळीकडून एक बारीक शिवण गेलेली, जशी दोन भागांच्या साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या खेळण्याला असते तशी, आणि हत्तीच्या पोटावर बारीक बारीक बुडबुड्यांचे खड्डे. म्हणजे ओतीव माल. अस्सल देनारियस ओतलेलं नसतंच, ते ठोकलेलं असतं, खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला, त्यावर धातूची चकती, वर दुसरा ठसा हातात धरायचा आणि घाल हातोडा. म्हणून तर खऱ्या नाण्यांची चित्रं कधी एका बाजूला सरकलेली असतात, कडा फाटलेल्या असतात. कधीकधी आधीचं नाणं वरच्या ठशालाच चिकटून राहायचं आणि कारागिराच्या लक्षात न येता पुढच्या चकतीवर घाव बसायचा, मग त्या चकतीच्या एका बाजूला सम्राट नीट उमटलेला आणि दुसऱ्या बाजूला तोच सम्राट उलटा आणि आत खोल गेलेला. असली बिघडलेली नाणी मला फार आवडतात, दुपारी जेवण झाल्यावर डुलकी लागलेला कुणीतरी दिसतो त्यात.

खोट्या नाण्याचं मी फार मनाला लावून घेतलं होतं, पण मग कळलं की रोमन लोकांचीही यात फसगत व्हायचीच, आत तांबं आणि वर चांदीचा पातळ पत्रा अशी नाणी त्यांच्याच काळातली भरपूर सापडतात. चांदी तपासायला लोक नाण्यावर टोचा मारून बघायचे, त्या खुणा आजही दिसतात. आणि थोरला प्लिनी हा रोमन लेखक लिहून गेलाय की लोक बनावट देनारियसचा नमुना कौतुकाने न्याहाळायचे आणि एका खोट्यासाठी जास्तीची खरी नाणी मोजायचे. मला जरा बरं वाटलं. हत्ती अजून टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून.

आता छापा-काटा. तिकडे पोरं नाणं उडवताना डोकी की जहाज असं ओरडायची, कारण जुन्या जड तांब्याच्या नाण्यावर एका बाजूला दोन तोंडांचा देव जेनस आणि दुसऱ्या बाजूला जहाजाचं नाळेकडचं टोक असायचं. पुढे नाण्यावरून जहाज गेलं, देनारियसवर भलतंच काही यायला लागलं, तरी पोरांच्या तोंडी जहाज राहिलंच, शेकडो वर्षं.

देनारियस आलं ते इ.स.पू. २११ च्या सुमारास, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याबरोबरच्या युद्धात. टांकसाळ होती कॅपिटोलिन टेकडीवर जूनो मोनेता देवीच्या देवळाला लागून, आणि त्या मोनेतावरूनच इंग्रजीतलं मनीही आलं आणि मिंटही. राजेशाही नव्हती तेव्हा, नाणी पाडायचं काम दरवर्षी तीन तरुण अधिकाऱ्यांकडे असायचं, राजकारणात नुकतं पाऊल टाकलेली मोठ्या घरची मुलं. आणि हातात टांकसाळ आल्यावर पोरं काय करणार, आपल्या घराण्याची जाहिरात. कुणाचे पणजोबा कुठली लढाई जिंकले, कुणाच्या घराण्याची उत्पत्ती कुठल्या देवापासून, सगळं त्या दोन सेंटिमीटरमध्ये. नावावरच्या कोट्या तर विचारू नका. पोम्पोनियस म्यूसा नावाच्या एकाने नऊच्या नऊ म्यूझ, म्हणजे कलांच्या देवता, वेगवेगळ्या नाण्यांवर काढल्या, संग्रह करणारे अजून तो सेट पुरा करता करता म्हातारे होतात. फ्यूरियस क्रासिपेस म्हणून एक होता, आडनावाचा अर्थ जाडपाया, तर त्याने इ.स.पू. ८४ मध्ये देवीच्या डोक्यामागे चक्क एक पाऊल काढलं. अशा माणसाशी माझी दोस्ती झाली असती.

पण या पोरांमधला एक जण जरा वेगळा. मार्कस ब्रूटस. हो, तोच. इ.स.पू. ५४ मध्ये, म्हणजे सीझरच्या खुनाच्या दहा वर्षं आधी, टांकसाळीची पाळी त्याच्याकडे असताना त्याने एका देनारियसवर स्वातंत्र्यदेवी लिबर्तास काढली आणि मागे आपला पूर्वज, रोममधून शेवटच्या राजाला हाकलणारा जुना ब्रूटस, पुढेमागे सेवक घेऊन चाललाय असा. तेव्हा लोकांनी पाहिलं असेल आणि म्हटलं असेल, आलं अजून एक पोरगं खापरपणजोबांची टिमकी वाजवत. दहा वर्षांनी त्या नाण्याकडे परत कुणी बघितलं असेल का याचा मी फार विचार करते.

रोमच्या टांकसाळीत जिवंत रोमन माणसाचा चेहरा नाण्यावर घालायची पद्धत नव्हती. देव चालतील, मेलेले पूर्वज चालतील. जिवंत माणसाचा चेहरा म्हणजे राजेपणा, ती ग्रीक राजांची रीत. इ.स.पू. ४४ च्या सुरुवातीला सीझरने ती मोडली. मानेवर सुरकुत्या, गालफडं बसलेली, डोक्यावर माळ, आणि भोवती अक्षरं की सीझर, तहहयात हुकूमशहा. काही आठवड्यांतच १५ मार्च उजाडला आणि तहहयात ही मुदत संपली.

आणि आता खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, मला हे वाचून चर्र झालं होतं. खुनानंतर ब्रूटस पूर्वेकडे पळाला, फौज जमवली, फौजेला पगार द्यायला इ.स.पू. ४२ च्या सुमारास नाणी पाडली. मागच्या बाजूला दोन खंजीर, मधे मुक्त झालेला गुलाम घालतो ती टोपी, आणि खाली एइद मार, म्हणजे मार्चची मधली तारीख. जगात कुठल्याच नाण्यावर खुनाची तारीख इतकी उघड लिहिलेली मी तरी पाहिली नाही. दोनच खंजीर का, तर ब्रूटस आणि कटातला त्याचा जोडीदार कॅसियस, आणि त्यातही नीट पाहिलं तर दोन्ही मुठी वेगळ्या आहेत, म्हणजे ही तुझी कट्यार आणि ही माझी. आणि नाणं पलटा. दर्शनी बाजूला चेहरा कुणाचा? ब्रूटसचा. जिवंत ब्रूटसचा. राजा व्हायला निघाला म्हणून ज्याला मारलं त्याचीच रीत दोन वर्षांत स्वतः उचलली, तीही त्याच नाण्यावर. त्याला हे कळलं नसेल असं मला वाटत नाही. सैनिकाला ओळखीचा चेहरा लागतो, पगार कोण देतोय ते कळावं लागतं, आणि चेहरा नसला तर समोरच्या पार्टीच्या नाण्यापुढे आपलं नाणं फिकं पडतं, एकदा सीझरने दार उघडलं म्हटल्यावर बंद कसं करणार.

या खंजिराच्या चित्राची सोन्याची नाणी जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. त्यातलं एक २०२० मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ४२ लाख डॉलरला गेलं, सगळीकडे बातम्या, आणि मग निघालं की त्याच्या जुन्या मालकीचे कागदच खोटे, शेवटी २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करावं लागलं. जमिनीतून गुपचूप उकरून काढलेल्या नाण्यांचा हा धंदा खरंच घाण आहे, आणि त्रास फक्त कायद्याचा नाही, नाणं कुठे कशाबरोबर सापडलं हे एकदा पुसलं गेलं की अर्धी गोष्ट गेली. मी माझ्या बटणासाठीसुद्धा आता हे प्रश्न विचारते, आधी विचारत नव्हते.

पहिला सम्राट ऑगस्टस, त्याच्यापासून पुढे चेहरा पक्का झाला, सम्राटाचा किंवा त्याच्या घरातल्यांचा. चेहऱ्यांवर वेगळं लिहीन कधीतरी, नीरोची हनुवटी वर्षागणिक कशी वाढत जाते, ओथोने टोप घालायचा म्हणतात आणि नाण्यावर ते केस अगदी ओळीत बसवल्यासारखे दिसतात, व्हेस्पेशियनचं टक्कल आणि तो चेहरा, बद्धकोष्ठ झाल्यासारखा. आणि मग तीनशेच्या आसपास डायोक्लेशियन आणि त्याचे तीन सहकारी, चौघंही सारखेच, चौकोनी डोकं, आखूड दाढी, जाड मान, नाव वाचल्याशिवाय कोण ते कळत नाही. आणि ते मुद्दाम तसंच, चौघं एक आहेत हे दाखवायला. किती वर्षं एक राहिले ते विचारू नका.

काही जण म्हणतात की लोक नाण्यावरची चित्रं थोडीच बघत असतील, आपण तरी खिशातल्या नाण्यावर काय आहे ते कुठे बघतो. मला हे पटत नाही. तेव्हा ना पेपर ना फोटो ना स्क्रीन, सम्राट कसा दिसतो हे कळायची मुख्य साधनं दोनच, पुतळा आणि नाणं, आणि पुतळा खिशात मावत नाही. येशूला जेव्हा कराबद्दल अडचणीत पकडायला गेले तेव्हा त्याने देनारियस मागून घेऊन हेच विचारलं ना, यावर चित्र कुणाचं आणि अक्षरं कुणाची. एपिक्टेटस हा तत्त्वज्ञ शिकवताना दाखला देतो की या नाण्यावर ठसा कुणाचा, ट्रेजनचा? दे इकडे. नीरोचा? फेक, सडका माल आहे. सम्राट ज्युलियन ३६२ मध्ये अँटिओकला जाऊन राहिला तर तिथल्या लोकांनी त्याच्या दाढीची टिंगल केली आणि त्याच्या नाण्यावरच्या बैलाचीही. आणि टायबेरियसच्या काळात तर, सम्राटांची चरित्रं लिहिणारा स्युटोनियस सांगतो, ऑगस्टसचं चित्र असलेलं नाणं किंवा अंगठी घेऊन संडासात किंवा वेश्यागृहात गेलं तर तो देहांताचा गुन्हा धरला जायचा. म्हणजे विचार करा, नाण्यावर काय आहे हे न बघून चालणारच नव्हतं, निदान संडासला जाण्यापूर्वी.

बरं, वाचायचं कसं. दर्शनी बाजूची अक्षरं म्हणजे पदव्यांची आगगाडी, इम्प म्हणजे सेनापती म्हणजे सम्राट, औग म्हणजे ऑगस्टस (पहिल्याचं नाव, पुढच्यांची पदवी), पी एम म्हणजे मुख्य पुरोहित, कॉस म्हणजे कॉन्सल, वर्षभरासाठीचा सगळ्यात वरचा अधिकारी, पी पी म्हणजे देशाचा पिता. आणि सगळ्यात कामाचं, टी आर पी. खरंच टीआरपी! त्रिब्यूनिकिया पोतेस्तास, ट्रिब्यून म्हणजे जनतेच्या प्रतिनिधीचे अधिकार, हे दरवर्षी नव्याने मिळायचे आणि पुढे आकडा वाढत जायचा, त्यामुळे टीआरपी किती ते वाचलं की नाणं कुठल्या वर्षाचं ते कळतं. सम्राटाचा टीआरपी जेवढा जास्त तेवढा तो टिकला. हा विनोद मी घरात इतक्यांदा केलाय की आता दादा उठून जातो.

मागच्या बाजूला बहुतेक वेळा एक बाई उभी असते. ही बाई म्हणजे एक गुण किंवा एक आशा, आणि कोणती ते हातातल्या वस्तूंवरून ओळखायचं. तराजू असेल तर एक्विटास, न्याय. सुकाणू आणि फळाफुलांनी भरलेलं शिंग असेल तर फॉर्चुना, दैव, कारण आपली नाव तीच वळवते. हातात कणसं आणि पायाशी धान्याचं माप असेल तर आनोना, रोमचा धान्यपुरवठा. सापाला भरवतेय ती सालुस, आरोग्य. खांबाला रेलून निवांत उभी असेल तर सेक्युरितास, काळजी नसणं. आणि माझी लाडकी स्पेस, आशा, एका हातात फूल आणि दुसऱ्या हाताने झग्याचा घोळ किंचित उचललेला, जणू चिखलातून चाललीये आणि कपडे खराब होऊ नयेत. आशेचं इतकं नेमकं चित्र मी दुसरीकडे पाहिलं नाही.

आता माझ्या मुद्द्याकडे. कॉन्कॉर्दिया म्हणजे एकोपा. इ.स. ९६ मध्ये डोमिशियनचा खून झाला आणि म्हातारा नर्व्हा गादीवर आला. फौजेला डोमिशियन आवडायचा, त्याने पगार वाढवले होते. नर्व्हाच्या नाण्यांवर काय येतं? दोन हात एकमेकांत घट्ट, आणि अक्षरं, सैन्यांचा एकोपा. ९७ मध्ये त्याच्याच अंगरक्षक दलाने त्याला राजवाड्यात कोंडलं आणि डोमिशियनच्या मारेकऱ्यांना आमच्या हवाली कर म्हणून त्याला झुकायला लावलं. मग १९३. अंगरक्षकांनी सम्राट पर्टिनॅक्सला मारलं आणि सरळ छावणीच्या भिंतीवरून साम्राज्याचा लिलाव पुकारला. डिडियस ज्युलियानसने प्रत्येक शिपायाला २५,००० सेस्टर्शियस (चार सेस्टर्शियस म्हणजे एक देनारियस) असा आकडा लावून गादी घेतली. त्याच्या नाण्यांवर? बरोब्बर. सैनिकांचा एकोपा. ६६ दिवस टिकला, आणि मारणारा सैनिकच. पुढे सम्राट ऑरेलियनचंही तेच, सैनिकांचा एकोपा म्हणून भरपूर नाणी, आणि २७५ मध्ये आपल्याच अधिकाऱ्यांच्या हातून गेला. मी आता नाण्यावर एकोपा वाचला की पुढचं पान न उलटताच समजते.

पण सगळ्यात वाईट वाटतं ते कॅराकॅला आणि गेटाचं. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची दोन मुलं, लहानपणापासून एकमेकांच्या जिवावर उठलेली, आणि नाण्यांवर दोघं भाऊ हातात हात घालून उभे, एकोपा, एकोपा, एकोपा. बाप २११ च्या फेब्रुवारीत गेला. डिसेंबरात कॅराकॅलाने समेटाला म्हणून गेटाला आईसमोर बोलावलं आणि तो आईच्या मांडीवर मेला. मग गेटाचं नाव आणि चेहरा सगळीकडून पुसायचा हुकूम, शिलालेखांतून, चित्रांतून. आणि पूर्वेकडच्या काही शहरांत, स्ट्रॅटोनिकिया, पर्गमॉन, तिथली नाणी आहेत दोघा भावांचे चेहरे समोरासमोर असलेली, त्यांच्यावरही छिन्नी चाललेली. आता त्या नाण्यांवर कॅराकॅला एकटाच आहे, आणि समोर बघतोय, आणि समोर खरवडलेली मोकळी जागा. हे कुणी ठरवून काढलं असतं तर इतकं जमलं नसतं.

अपवाद सांगणार होते. नर्व्हाचंच एक नाणं आहे, दोन खेचरं निवांत चरतायत आणि मागे गाडी सोडून ठेवलेली, जू वगैरे वर. सम्राट नाही, देव नाही, सैनिक नाही. हे कशासाठी, तर सरकारी टपालासाठी गाड्या आणि जनावरं पुरवायची सक्ती इटलीच्या लोकांवर होती, ती त्याने उठवली. आज जनावरांना सुट्टी! आणि हेड्रियन, त्याने ११८ मध्ये सरकारची ९० कोटी सेस्टर्शियसची जुनी थकबाकी माफ केली आणि नुसती माफ नाही केली, कागद ट्रेजनच्या फोरममध्ये, म्हणजे मोठ्या सार्वजनिक चौकात, आणून सगळ्यांसमोर जाळले, पुढचा कुणी उकरून काढायला नको म्हणून. नाण्यावर एक माणूस मशाल घेऊन कागदांच्या ढिगाला आग लावतोय आणि भोवती आकड्यासकट मजकूर. हे खणखणीत नाणं, बोलतं ते घडलेलं. तरी गरजेचा मुद्दा इथेही सुटत नाही बरं का, हेड्रियनची सुरुवात चार वजनदार माजी कॉन्सलांना मारण्यापासून झाली होती आणि रोममध्ये त्याच्याबद्दल कुजबुज चालू होती, तेव्हा थोडी ऊब हवीच होती.

तिसऱ्या शतकात तर चांदीच गायब होत गेली. ऑगस्टसचं देनारियस जवळपास शुद्ध, सेव्हेरसच्या वेळी निम्मं, आणि २६० च्या दशकात गॅलिएनसच्या नाण्यात पाच टक्केही नाही, तांब्यावर चांदीचं पाणी दिल्यासारखं, बोटांनी चोळलं तरी उडेल. याच गॅलिएनसने शेवटच्या वर्षांत एक अख्खं प्राणिसंग्रहालय नाण्यांवर आणलं, हरणं, वाघासारखं काहीतरी, पंखांचा घोडा, अर्धा माणूस अर्धा घोडा, एकेका देवाच्या नावाने की सम्राटाला सांभाळ. बाप व्हॅलेरियन २६० मध्ये पर्शियनांच्या कैदेत गेलेला, साम्राज्याचे तीन तुकडे, जो तो सरदार सम्राट. मग काय करणार, सगळ्या देवांना एकेक प्राणी.

त्या गोंधळात कोण कोण सम्राट होऊन गेलं याचा हिशोबही नाही. डोमिशियानस नावाच्या एकाचं (आधीचा डोमिशियन नव्हे) एक नाणं १९०० मध्ये फ्रान्समध्ये सापडलं आणि लोकांनी खोटं म्हणून सोडून दिलं. मग २००३ मध्ये इंग्लंडमध्ये चॅलग्रोव्हला, एका गाडग्यात एकमेकांना चिकटलेल्या पाच हजारांच्या आसपास नाण्यांच्या गोळ्यात, दुसरं निघालं. म्हणजे माणूस खरा होता. दोन-चार आठवडे असेल नाहीतर दोन-चार महिने, पण तेवढ्यात त्याने टांकसाळ गाठली आणि चेहरा उमटवून घेतला. मागच्या बाजूला काय ते सांगायलाच हवं का? सैनिकांचा एकोपा.

माझं बटण आत्ता समोर आहे, टेबललॅम्पखाली. सैनिकाच्या पायाखाली एक रेघ असते आणि तिच्या खाली टांकसाळीची खूण, आणि नेमका ठसा तिथेच घसरलाय. एस आणि एम वाचता येतात, म्हणजे सरकारी पवित्र टांकसाळ, पण कुठली ते पुढच्या अक्षरात, आणि त्या अक्षराचा फक्त पहिला उभा दांडा नाण्यावर आलाय, बाकीचं अक्षर कडेच्या बाहेर हवेत गेलं. के असेल तर सिझिकस. एन असेल तर निकोमीडिया. एच असेल तर हेराक्लिया. तिन्ही अक्षरांची सुरुवात उभ्या दांड्याने. गेले तीन आठवडे मी लॅम्प कधी या बाजूने कधी त्या बाजूने धरून बघतेय, परवा एकदा दांड्याच्या मधोमध आडवी रेघ निघतेय असं वाटलं, म्हणजे हेराक्लिया, दादाला हाक मारून दाखवलं, तर तो म्हणाला ती माती आहे. टूथपिकने अगदी हळू उकरून पाहिलं. मातीच होती.